खंजिरीचा छंद

अमरावती-नागपूर महामार्गावर तिवसा तालुक्यातलं गुरुकुंज मोझरी. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये इथं आश्रम उभारला आणि वऱ्हाडातल्या गावोगावच्या संध्याकाळींना खंजिरी भजनाचा छंद लागला.

वाद्य ते केवढंसं! लाकडी कड्यावर एका बाजूनं ताणलेलं चामडं, कडेच्या खाचांत झांजा. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, आवाज बसतो. मग वाजवणारा ते विस्तवाजवळ धरतो, बोटानं टिचकी मारून पाहतो, पुन्हा शेकतो. पेटी-तबल्याची ऐपत नसलेल्या गावालाही हे परवडायचं. भजनमंडळं फोफावली त्यात या स्वस्ताईचा वाटा मोठाच.

महाराजांनी मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत भजनं रचली. 1942 च्या आंदोलनात त्यांना तुरुंगवास घडला, 1955 मध्ये ते जपानलाही जाऊन आले.

खंजिरी हातात घेतलेला त्यांचा फोटो वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांच्या तसबिरींच्या रांगेतच लावलेला दिसतो. पाहुण्यांना घरातली माणसं दाखवताना महाराजांचीही ओळख ओघानं होतेच.

11 ऑक्टोबर 1968 रोजी महाराजांचं निधन झालं. दरवर्षी आश्विनात पुण्यतिथी महोत्सवाला गावोगावची भजनमंडळं आपापल्या खंजिऱ्या घेऊन मोझरीत दाखल होतात.