वजन घटवावें, पण कशाचें?



नांदगाव खंडेश्वरीं मीं आयुष्याचीं बहुतेक वर्षें मुलांना त्रैराशिक शिकविण्यांत घालविलीं, आणि सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्याच देहाचें त्रैराशिक चुकविलें. त्या चुकीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

दोन वर्षांपूर्वीं माझें वजन ८० किलो भरलें. उंची १७२ सेंटिमीटर. उंचींतून शंभर वजा करावे आणि उरेल तें योग्य वजन समजावें, असा सोपा आडाखा घरोघर प्रचलित आहे. त्याप्रमाणें मीं ७२ हा आंकडा दिनदर्शिकेवर लिहिला, रात्रीचें जेवण सोडलें, सकाळच्या ताटांतील भाकरी व वरण निम्म्यावर आणलें, आणि दोन महिन्यांत ७२ गांठले. शेजाऱ्यांनीं अभिनंदन केलें. घरांतून मात्र अभिप्राय आला, "अवो, तुम्ही बारीक नाही झाले, वाळून गेले." तो अभिप्राय खरा होता. पाटावरून उठतांना मला हाताचा टेंकू घ्यावा लागे, आणि पाण्याची बादली उचलतांना हात कांपे.

अमरावतीच्या एका डॉक्टरांकडे शरीरांतून अत्यंत सौम्य विद्युत्प्रवाह सोडून मेदाचें प्रमाण अजमावणारें यंत्र आहे. पाणी धरून ठेवणाऱ्या स्नायूंतून प्रवाह सहज जातो, मेदांत अडखळतो. त्यावरून यंत्र अनुमान बांधतें. उपासाच्या आरंभीं माझी तेथें मोजणी झाली होती. पण तो कागद मीं न वाचतांच घडी करून ठेवला होता. आतां दोन्ही कागद शेजारीं मांडले. पहिल्यावर मेद ३० टक्के, म्हणजे ८० पैकीं २४ किलो. मेद वजा जातां उरणारें जें वजन, ज्यांत स्नायू, अस्थि, अंतरिंद्रियें व पाणी हीं सर्व आलीं, त्याला आपण निर्मेद वजन म्हणूं. तें ५६ किलो. दुसऱ्या कागदावर मेद २८ टक्के. ७२ चे २८ टक्के म्हणजे सुमारें २० किलो. निर्मेद वजन ५२. घटलेल्या आठ किलोंपैकीं मेद केवळ चार, आणि उरलेले चार किलो निर्मेद भागांतून गेले! त्यांत कांहीं पाणी असेल, परंतु मांड्यांनीं दिलेली साक्ष पाण्याची नव्हती.

योग्य रीत अशी होती. निर्मेद ५६ किलो कायम धरावयाचे. डॉक्टरांनीं माझ्या वयास सुचविलेलें मेदाचें प्रमाण २२ टक्के. तेव्हां ५६ किलो हे नव्या वजनाचे ७८ टक्के असले पाहिजेत. ५६ भागिले ०.७८, उत्तर ७१.८. पहा कसा योग आहे! आडाख्याचें उत्तरही ७२, आणि या रीतीचेंही जवळजवळ ७२. काट्याला दोन्ही सारखेच. परंतु एका देहांत १६ किलो मेद, दुसऱ्यांत २०. उत्तर जुळलें म्हणून रीत बरोबर, असें मीं वर्गांत कधीं मानलें नव्हतें. (स्त्रियांच्या देहांत मेदाचें प्रमाण निसर्गतःच अधिक असतें, माझे आंकडे त्यांनीं घेऊं नयेत.)

काटा किती फसवितो याचें प्रसिद्ध उदाहरण पुण्याचेंच आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचेच आंकडे छापले. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून येणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिकांचा २१.२! पुण्याजवळील खेड्यांतील नवजात अर्भकांतही याज्ञिकांना हेंच आढळलें होतें: इंग्लंडमधील मुलांहून वजनानें कमी, स्नायूंनीं बेताचीं, परंतु मेद त्या मानानें राखून असलेलीं. तेव्हां "आम्ही कांहीं लठ्ठ नाहीं" असें म्हणणाऱ्या सडसडीत गृहस्थांनींही कंबरेला फीत लावून पहावी. आपल्याकडील पुरुषास ९० आणि स्त्रीस ८० सेंटिमीटर ही मर्यादा सांगतात.

निर्मेद वजन मुळींच न घटतां मेद जावा, हें गणितांत सोपें, देहांत कठीण. व्यायामावांचून उपास केल्यास घटीचा सुमारें चौथा हिस्सा निर्मेद असतो. माझा तर निम्मा गेला. कारण उघड आहे. पोषक वरण मीं तोडलें, आणि बैठका काढण्याचें मनांतही आणलें नाहीं. ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं देशी व्यायाम दाखविले, त्याच जिल्ह्यांत राहून ही अनास्था!

आतां माझें उद्दिष्ट वजनाचें नाहींच. ७२ किलो आहेत तितके राहोत. त्यांत निर्मेद ५४ व मेद १८ व्हावा, म्हणजे प्रमाण २५ टक्क्यांवर येईल. मुदत एक वर्ष. दर किलो वजनास एक ग्रॅम प्रथिन, म्हणजे ७२ ग्रॅम, डॉक्टरांनीं ठरवून दिलें आहे. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळींत तें सुमारें २२ ग्रॅम असतें, यावरून माझ्या अर्ध्या वाटी वरणाची किंमत आपण करावी. ज्यांच्या मूत्रपिंडांस विकार आहे त्यांनीं मात्र विचारल्यावांचून हें करूं नये. खुर्चीच्या आधारानें बैठका चालू आहेत, आणि मोजणी दर दोन महिन्यांनीं, सकाळीं अनशापोटीं, त्याच यंत्रावर. कारण पाणी प्यालें, घाम गेला, कीं यंत्राचा आंकडा हलतो.

गेल्या मोजणींत निर्मेद वजन ५२ वरून ५२.६ झालें आहे. पाटावरून उठतांना हात अजून लागतो, पण आतां एकच.