घर दुरुस्त करायचे की बदलायचे?

पावसाळा संपला की आमच्या पनवेलमध्ये दोन गोष्टींची चर्चा हमखास होते. एक म्हणजे यंदा छत किती गळले, आणि दुसरी म्हणजे आता हे घर विकून 'पलीकडे' जायचे का. पलीकडे म्हणजे रुळांच्या पलीकडे नवीन पनवेलला, नाहीतर खारघर, करंजाडे किंवा उलव्याला.

ही चर्चा आजची नाही. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. १९७० मध्ये सिडको आली आणि जुन्या गावाशेजारी आखीव-रेखीव वसाहती उभ्या राहिल्या. १९९८ मध्ये हार्बरची लोकल पनवेलपर्यंत धावू लागली, २०१६ मध्ये महानगरपालिका झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये विमानतळावरून विमाने उडू लागली. अशा प्रत्येक टप्प्यावर गावातल्या माणसाला वाटत आले की आता घर विकावे, चांगले पैसे येतील. पण आपले घर महागते तेव्हा समोरचेही महागलेले असते, हे आपण विसरतो. त्याच परिसरात दुसरे घर घ्यायचे असेल तर वाढलेला भाव एका हाताने येतो आणि दुसऱ्या हाताने जातो.

आमच्याच घरी हा प्रश्न आला. गावातली चाळीस वर्षांची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे पडलेले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखरे. धाकट्या भावाचे म्हणणे होते, "दादा, विकून टाकू. लिफ्टच्या इमारतीत जाऊ." मला वाटत होते, दुरुस्ती करून इथेच राहावे. दोघेही तावातावाने बोलत होतो, पण माहिती दोघांकडेही नव्हती.

म्हणून आधी एक काम केले. सोसायटीला सांगून इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेतली. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची ही तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. प्रत्यक्षात प्लॅस्टर अंगावर पडेपर्यंत कुणी मनावर घेत नाही.

आपल्याकडे धो धो पाऊस आणि खाडीची खारी, दमट हवा. काँक्रीटमधून ओल आत गेली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीटला आतून तडा जातो. वरून नुसते सिमेंट थापून रंग मारला तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, सळई किती खाल्ली गेली आहे, खांब आणि तुळया शाबूत आहेत का, हे अभियंत्याने पाहायचे असते. भिंतीची ओल, फरशी, नळ, वायरिंग हे दुरुस्तीचे विषय. अनेक खांबच कमकुवत झाले असतील तर मात्र एकट्याने घरात लाखो रुपये घालण्यात अर्थ नाही. तिथे पुनर्विकासाचा विचार करावा. राज्य शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार त्यासाठी एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. पण त्याआधी जमीन संस्थेच्या नावावर आहे का, हे तपासा.

घर बदलण्याचा खर्चही कागदावर मांडा. पन्नास लाखांचे घर घेतले आणि मुद्रांक शुल्क सात टक्के पडले, तर साडेतीन लाख. नोंदणीचे कमाल तीस हजार. दलालाला एक टक्का दिला तर पन्नास हजार. म्हणजे नव्या घरात पाऊल टाकण्याआधी चार लाख तीस हजार गेले. एवढ्या पैशांत जुन्या घरात काय काय होईल, ते विचारून घ्या. जमीन भाडेपट्ट्याची असेल तर हस्तांतराचे शुल्क वेगळे. जुने घर विकून झालेल्या नफ्यावर कर लागू शकतो. विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतल्यास सवलत आहे, पण तारखा सांभाळाव्या लागतात. आणि जुन्या करारनाम्यातले सहाशे चौरस फूट बहुधा बिल्टअप असतात, नव्यातले महारेराच्या नियमाप्रमाणे कार्पेट. तुलना करताना दोन्ही एकाच मापात आणा.

आमच्या इमारतीचा अहवाल आला. खांब ठीक, गच्चीचे जलरोधन आणि काही ठिकाणी काँक्रीटची दुरुस्ती हवी. गच्चीचे काम सोसायटीचे, घरातल्या नळांची गळती आमची. मी मनातून खूश झालो. पण भाऊ म्हणाला, "दादा, इमारत दुरुस्त होईल. जिना कसा दुरुस्त करणार?"

त्याचे खरे होते. आई चार महिन्यांत दोनदाच खाली उतरली होती. मी इमारतीचा विचार करत होतो, राहणाऱ्या माणसाचा नाही.

मग प्रथमच आईला विचारले. ती म्हणाली, "अरे, मला लिफ्ट नको आणि खारघरही नको. मला खाली उतरून भाजीवाल्याशी भांडता आले पाहिजे." आम्ही म्हटले, मग याच गल्लीत तळमजला बघू. त्यालाही तिचा नकार. २६ जुलै २००५ ला गाढी नदीचे पाणी गावात शिरले, तेव्हा शेजारच्या तळमजल्यावरच्या बाईंना हाताला धरून तिनेच वर आणले होते. "पाणी कुठवर आले होते ते मी पाहिले आहे," एवढेच ती म्हणाली.

शेवटी त्याच गल्लीत पहिल्या मजल्यावर घर मिळाले. चोपन्न पायऱ्यांच्या अठरा झाल्या. जुन्या घरापेक्षा एक खोली लहान आहे. ते घेण्याआधीही त्या इमारतीचा तपासणी अहवाल मागून वाचला. मुद्रांक शुल्क भरावे लागलेच, ते चुकले नाही. पण आई आता रोज संध्याकाळी वडाळे तलावापर्यंत जाऊन येते.

तेव्हा मंडळी, आधी इमारतीची तपासणी, मग खर्चाचा कागद. आणि या दोन्हींच्या आधी, त्या घरात जो सर्वांत जास्त वेळ असतो, त्याला एकदा विचारा. आम्ही ते सर्वांत शेवटी केले.