बिनतारी मापकाचे मौन

सायकलच्या हँडलवर आगपेटीएवढे एक यंत्र बसविलेले हल्ली अनेक ठिकाणी दृष्टीस पडते. त्याच्या लहानशा काचेवर वेग, कापलेले अंतर आणि लागलेला वेळ हे आकडे उमटत असतात. दुकानात त्याला सायकल कॉम्प्युटर म्हणतात. मराठीत सायकलमापक म्हटले तरी चालण्यासारखे आहे. हे यंत्र चालू असते तोवर त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ते बंद पडले, म्हणजे मात्र स्वाराला एकाएकी आपण आंधळे झाल्यासारखे वाटू लागते.

सायकलने कापलेले अंतर मोजण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेतील कर्टिस व्हीडर याने १८९५ च्या सुमारास जे मापक प्रचारात आणले, त्याची रचना अगदी उघड होती. चाकाच्या स्पोकला एक खुंटी लावलेली असे. दर फेऱ्याला ती एका दातेरी चक्राला टोला देई आणि आकडे पुढे सरकत. त्या मापकात बिघाड झाला, तर तो डोळ्यांना दिसे आणि कानांनाही कळे. आजच्या बिनतारी मापकात टोला नाही, तार नाही आणि आवाजही नाही. म्हणूनच त्यातला बिघाड शोधताना डोळ्यांपेक्षा विचाराचे साहाय्य अधिक घ्यावे लागते.

विचार करावयाचा तो साखळीच्या चार कड्यांचा. पहिले कडे म्हणजे स्पोकवर घट्ट बसविलेला लहानसा लोहचुंबक. दुसरे कडे म्हणजे पुढच्या फोर्कवर बांधलेली डबी. तिच्यात बहुधा एक बंद काचेची नळी असते आणि नळीत लोहमिश्रणाच्या दोन पातळ पट्ट्या असतात. चुंबक समोरून गेला, की त्या क्षणभर एकमेकींना चिकटतात. ही युक्ती बेल प्रयोगशाळेतील वॉल्टर एलवुड याने १९३६ साली शोधून काढली. तिसरे कडे म्हणजे डबीने प्रत्येक फेऱ्याला धाडलेला बिनतारी संदेश. चौथे कडे म्हणजे तो ऐकणारे हँडलवरचे यंत्र. चाकाचा परीघ त्याला आधी सांगून ठेवलेला असतो. दोन संदेशांमधील वेळाने परिघाला भागून ते वेग काढते आणि संदेश मोजून अंतर सांगते. सारे गणित एवढेच.

समजा, पुण्यातील एक सायकलस्वार उद्या पहाटे दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला निघावयाचा आहे. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. ठराविक वेळात लांबचा पल्ला पुरा करण्याची ती कसोटी आहे. दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. मार्गपत्रिकेत अमुक किलोमीटरवर डावीकडे, तमुकवर उजवीकडे, अशा खुणा दिलेल्या असतात. उपग्रहाच्या साहाय्याने वाट दाखविणारी साधने आज उपलब्ध आहेत. तथापि या स्वाराचा भरवसा आपल्या जुन्या मापकावर आहे. आणि आदल्या संध्याकाळी चाक फिरवून पाहतो, तो काचेवर शून्य!

अशा वेळी मनुष्य गडबडून जातो. एका दमात तो यंत्रातील सेल बदलतो, चुंबक सरकवतो, बटणे दाबून सगळी नोंद पुसतो. एवढ्या खटाटोपात यंत्र सुरू झालेच, तर ते कशाने सुरू झाले हे त्याला कळत नाही. आणि दुसऱ्या दिवशी ते घाटात पुन्हा थांबले, तर काय करावे हेही कळत नाही. म्हणून पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच चाक फिरवून पाहावे.

आपल्या स्वाराने तसेच केले. काचेवरील आकडे ठळक होते, घड्याळ चालू होते. अर्थात हँडलवरच्या यंत्राचा सेल ठीक असावा. मग त्याने चुंबक पाहिला. धक्क्यांनी चुंबक स्पोकवर फिरतो किंवा खाली घसरतो. डबीवरील खुणेसमोरून तो काही मिलिमीटरांच्या अंतराने गेला पाहिजे. तो जागेवरच होता. तेव्हा त्याने यंत्र हँडलवरून काढले, फोर्कवरील डबीजवळ धरले आणि चाक फिरविले. काचेवर वेग उमटला! म्हणजे चुंबक शाबूत, नळी शाबूत, यंत्रही शाबूत. संदेश निघत होता, पण हँडलपर्यंत पोहोचत नव्हता.

याचे कारण समजण्याजोगे आहे. जुन्या आणि स्वस्त मापकांचा संदेश सामान्यतः कमी कंप्रतेच्या चुंबकीय क्षेत्रातून जातो. हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. अंतर दुप्पट झाले, की जोर एक-अष्टमांश उरतो. म्हणून डबी थोडी खाली सरकली, वाकडी बसली किंवा तिचा सेल मंदावला, तरी संवाद तुटतो. विद्युत्‌वाहिन्यांखालून जाताना किंवा सायकलचा एलईडी दिवा यंत्राला खेटून लावला असता याच कारणाने भलतेच आकडे दिसतात. कधी शेजारच्या स्वाराच्या डबीचा संदेश आपले यंत्र ऐकते. नव्या मापकांत संदेशाला सांकेतिक ओळख दिलेली असल्याने हा घोटाळा सहसा होत नाही. मात्र त्यांतील काहींची सेल बदलल्यावर डबीशी पुन्हा ओळख करून द्यावी लागते.

स्वाराने डबी उघडली. बिनतारी मापकाला बहुधा दोन सेल असतात, एक यंत्रात आणि दुसरा डबीत. लोक पहिला बदलतात आणि दुसरा विसरतात. या सेलवर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. त्यातील २० म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. पावसाळ्यातील ओल आत शिरून धातूच्या पट्टीवर मळ धरला होता. त्याने तो खोडरबराने घासून काढला आणि चाक फिरविले. वेग क्षणभर दिसला, पुन्हा शून्य झाला. मग त्याने नवा सेल घातला. आता आकडे स्थिर उमटू लागले.

येथे गोष्ट संपावयास हवी होती. परंतु डबी नीट बसविताना त्याची दृष्टी टायरवरील अक्षरांवर गेली. महिन्यापूर्वी त्याने ७००×२३ चा टायर काढून ७००×२८ चा घातला होता. पहिल्याचा परीघ सुमारे २०९६ मिलिमीटर, दुसऱ्याचा सुमारे २१३६. यंत्रात आकडा मात्र जुनाच राहिला होता. दर फेऱ्याला चार सेंटिमीटर गळत होते. दीडशे किलोमीटरवरचे वळण आले, तेव्हा यंत्राने सुमारे १४७.२ दाखविले असते; आणि पावणेतीन किलोमीटर अजून बाकी आहेत असे समजून स्वार वळण मागे टाकून सरळ गेला असता.

बंद पडलेल्या यंत्राने निदान आपण बंद आहोत हे सांगितले होते. चुकीचा परीघ मात्र महिनाभर काहीच बोलला नव्हता. म्हणून दुरुस्तीनंतर एक काम उरतेच. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरावी, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूने खूण करावी, स्वाराने सायकलवर बसावे, दुसऱ्याने आधार देऊन चाकाचा एक पूर्ण फेरा सरळ रेषेत पुढे न्यावा आणि दोन खुणांमधील अंतर टेपने मोजावे. तोच परीघ. तो मिलिमीटरमध्ये यंत्राला सांगावा.

काढलेल्या जुन्या सेलची काळजीही तेवढीच अगत्याची. हा चकचकीत तुकडा लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठले पाहिजे. म्हणून तो कचऱ्यातही टाकू नये. त्याच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावावी, मुलांचा हात पोहोचणार नाही तेथे ठेवावा आणि जुन्या सेलच्या संकलनासाठी द्यावा. आपल्या स्वाराने तो तसा ठेवला, नवा परीघ यंत्रात भरला आणि पहाटेचा गजर लावला.