घरी परतलेला रुग्ण आणि त्याची गोळी

मार्च १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळच्या बुंडूरा येथील मनोरुग्णालयात डॉ. जॉन केड यांनी एका ५१ वर्षांच्या रुग्णाला लिथियमचे क्षार देण्यास प्रारंभ केला. हा गृहस्थ पाच वर्षे अखंड उन्मादावस्थेत होता. काही आठवड्यांत तो शांत झाला, जुलैमध्ये घरी गेला आणि लवकरच कामावरही रुजू झाला. वैद्यकाच्या इतिहासात या घटनेचा गौरव होतो. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. प्रकृती उत्तम वाटू लागल्यावर त्याने गोळ्यांची हेळसांड केली, पुढे त्या बंदच केल्या, आणि जानेवारी १९४९ मध्ये त्याला पुन्हा त्याच रुग्णालयात आणावे लागले.

श्रोतेहो, द्विध्रुवीय मनोविकाराच्या रुग्णांबाबत हाच उत्तरार्ध आजही गावोगाव घडतो. या विकारात कधी उन्माद तर कधी घोर विषण्णता येते, आणि मधला काळ बहुधा स्वास्थ्याचा असतो. हे स्वास्थ्य औषधाने टिकलेले असते, पण रुग्णाला व घरच्यांना ते आजार संपल्याचे चिन्ह वाटते. ताप उतरला की औषध थांबवावे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव येथे फसवा ठरतो. लिथियम एकाएकी सोडल्यास आजार, विशेषतः उन्माद, उलटण्याचा धोका मोठा असतो.

गोळी सोडणाऱ्यास बेजबाबदार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण हात थरथरतात, तहान फार लागते, वजन वाढते, याची दखल कोणी घेतलेली नसते. जिल्ह्याच्या गावी जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. नव्याने सासरी आलेली मुलगी गोळ्या लपवून ठेवते आणि एक दिवस लपविणेही अशक्य होते. सौम्य उन्मादातील उत्साह तर पुष्कळांना हवाहवासाच वाटतो. तो औषधाने हिरावला, अशी त्यांची तक्रार असते, आणि ती खोटी नसते. ही अडचण डॉक्टरांपर्यंत पोहोचली तर मात्रा किंवा औषध बदलता येते. न पोहोचल्यास गोळी गुपचूप थांबते.

उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. लिथियमची हितकारक मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर थोडे आहे. केड यांचा तो रुग्ण १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेनेच दगावला. रक्तातील प्रमाण मोजण्याची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. आज ती तपासणी होते, आणि तिच्या जोडीला मूत्रपिंड व थायरॉइड यांचीही ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. वैशाखात उन्हात राबणारा मजूर, निर्जळी उपवास करणारी गृहिणी, जुलाब-उलट्यांनी बेजार झालेला रुग्ण यांच्या शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही तसेच होते. हातांची थरथर एकदम वाढली, तोल जाऊ लागला, बोलणे जड झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखविणे आवश्यक असते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम ९८ नुसार रुग्णास घरी पाठविताना पुढील उपचारांविषयी त्याच्याशी व काळजी घेणाऱ्यांशी विचारविनिमय व्हावा, अशी तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. परंतु पुणे, ठाणे, नागपूर वा रत्नागिरी येथील मनोरुग्णालयाचा कागद गावात आला की पुष्कळदा पेटीत पडतो. रुग्णाची संमती असेल तर त्यावरील पुढील तपासणीची तारीख आशा कार्यकर्तीस ठाऊक असावी. चारचौघांत तिची वाच्यता होऊ नये, हे पंचायत सदस्यांनी कटाक्षाने पाहावे.

आजार उलटण्याची पहिली खूण बहुधा झोपेत दिसते. दोन-तीन रात्री जेमतेम झोप होऊनही थकवा नाही, बोलण्याला खळ नाही, बैलजोडी विकून टाकण्याचे बेत भराभर ठरत आहेत, असे दिसताच घरच्यांनी वाट पाहू नये. जवळ डॉक्टर नसल्यास १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. रुग्ण स्वस्थ असतानाच त्याच्याबरोबर बसून या खुणा कागदावर लिहून ठेवल्या, तर पुढे वाद कमी होतात, कारण त्या त्यानेच सांगितलेल्या असतात.