फोटो पाहिजे तेवढ्याच केबीत: पेंटवरचं पाच मिनिटांचं काम

हा भाग ऐकताना समोर कॉम्प्युटर असेल तर एकदम भारी. नसेल तरी ऐकून ठेवा, फॉर्मच्या शेवटच्या तारखेला कामाला येईल.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं एकच असतंय: सगळा फॉर्म भरला, आणि फोटोपाशी गाडी अडली. लाल अक्षरात येतं, फाइल साइज बरोबर नाही. मग भूम, परंडा, लोहारा, कुठंही असा, आपण काय करतो? नेट कॅफे गाठतो, नाहीतर गुगलवर शोधून जी पहिली वेबसाइट दिसेल तिच्यावर फोटो टाकून मोकळं होतो. या दोन्हींची गरज नाही. विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर पेंट असतं. लहानपणी ज्याच्यात आपण डोंगर आणि सूर्य काढला, तेच पेंट. १९८५ सालच्या पहिल्या विंडोजपासून आहे ते. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते बंद करायच्या यादीत टाकलं होतं, पण लोकांनी इतकी ओरड केली की ठेवावंच लागलं. बरं झालं.

आता आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. फोटोला दोन मापं असतात. एक पिक्सेलचं, म्हणजे रुंदी आणि उंची. दुसरं केबीचं, म्हणजे फाइलचं वजन. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. आणि आयबीपीएसच्या बँक परीक्षेला फोटो लागतो २०० बाय २३०, म्हणजे फक्त ४६ हजार ठिपके. ठिपके कमी झाले की वजन आपोआप उतरतं. आपलं सगळं काम एवढंच आहे.

चला, करू. फोन केबलनं जोडा आणि मूळ फोटो घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला तर तिथंच तो दाबला जातो. मग फोटोची एक कॉपी करा आणि कॉपीवरच काम करा. मूळ फोटोला हात लावायचा नाही.

कॉपी पेंटमध्ये उघडा. लगेच रिसाइज करू नका, आधी क्रॉप. का? फोनचा उभा फोटो ३ बाय ४ च्या प्रमाणात असतो, फॉर्मचं प्रमाण वेगळं असतं. डायरेक्ट आकडे टाकले तर चेहरा चेपतो किंवा पसरतो. हॉल तिकिटावर असे ताणलेले चेहरे तुम्ही पाहिले असतील. हसू येतं, पण परीक्षेच्या दारात फोटोशी तोंड जुळवणारा माणूस हसत नसतो.

तर सिलेक्ट घ्या, चेहरा आणि खांदे येतील असा चौकोन ओढा. ओढताना खाली पट्टीवर आकडे पळताना दिसतील. २०० बाय २३० पाहिजे असेल तर चौकोन १००० बाय ११५० च्या आसपास धरा. तंतोतंत जमत नाही, दोन-चार इकडंतिकडं चालतं. मग क्रॉप दाबा.

आता कंट्रोल आणि डब्ल्यू. रिसाइजची खिडकी उघडते. तिथं टक्के असतात, ते सोडून पिक्सेल निवडा. प्रमाण कायम ठेवायची खूण चालू ठेवा. रुंदीत २०० टाका, उंची स्वतःच २३० च्या जवळ येईल. एखादा पिक्सेल कमीजास्त आला तर ती खूण काढून उंची हातानं टाका, तेवढ्यानं चेहरा बिघडत नाही. मग सेव्ह अ‍ॅज, जेपेग, नवीन नाव. फाइलचं नुसतं नाव बदलून पुढं डॉट जेपीजी लिहिलं म्हणजे पीएनजीचं जेपेग होत नाही हो, हे पण बरेच जण करतात.

वजन बघायला फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथं दोन ओळी असतात, साइज आणि साइज ऑन डिस्क. बघायची पहिली. दुसरी म्हणजे डिस्कवर अडवलेली जागा, ती बहुतेक वेळा ४ केबीच्या पटीत असते, तिच्याकडं बघून उगाच घाबरायचं नाही.

आणि इथं खरी गंमत आहे. बहुतेकांना वाटतं, जितकं कमी तितकं चांगलं. तसं नाही! आयबीपीएसला फोटो २० ते ५० केबी पाहिजे, सही १० ते २० केबी. म्हणजे खालची पण मर्यादा आहे. पेंटमधून २०० बाय २३० चा फोटो पुष्कळदा १०-१५ केबीचाच निघतो, आणि सही तर त्याहून हलकी, कारण सगळा पांढरा कागद. मग फॉर्म परत लाल. पेंटमध्ये जेपेगची क्वालिटी कमीजास्त करायची सोय नाही. म्हणून दोन रस्ते. एक, आयबीपीएसचं पिक्सेलचं माप 'प्रेफर्ड' असतं, तर त्याच प्रमाणात मोठं घ्या: ३०० बाय ३४५. सहीला १४० बाय ६० च्या जागी २८० बाय १२०. पण हे मूळ फोटोपासून परत करा, छोटा झालेला फोटो ओढून मोठा केला की तो धूसर होतो. दुसरा रस्ता, विंडोज ११ च्या फोटोज अ‍ॅपमध्ये तीन टिंबांखाली रिसाइज इमेज आहे. तिथं क्वालिटीची पट्टी सरकवता येते आणि नवीन वजन किती होणार ते सेव्ह करायच्या आधीच दिसतं. मला तर हाच जास्त आवडतो. मॅक असेल तर प्रिव्ह्यूमध्ये टूल्स, अ‍ॅडजस्ट साइज, आणि एक्स्पोर्ट करताना तशीच पट्टी.

आपले सरकारवर उत्पन्नाचा किंवा रहिवासी दाखला काढताना माप वेगळं आहे: फोटो रुंदीला १६०, उंचीला २०० ते २१२ पिक्सेल, वजन ५ ते २० केबी. हे पेंटमध्ये पहिल्या फटक्यात बसतं. १६०० बाय २००० चा चौकोन क्रॉप करा आणि रुंदीत १६० टाका, झालं. पण तिथंच कागदपत्रांना ७५ ते ५०० केबी लागतात, तर टीसीला फोटोसारखं बारीक करू नका. अक्षर वाचता आलं पाहिजे. कोणताही फॉर्म असो, त्याच्या सूचनेतलं माप आधी कागदावर लिहून घ्या, दरवेळी वेगळं असतं. (जाता जाता: २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं, पण एखाद्या फॉर्मच्या यादीत धाराशिव सापडलं नाही तर खाली उस्मानाबाद बघा.)

आता त्या फुकटच्या वेबसाइटांबद्दल. फोटो बारीक होतो, नाही म्हणत नाही. पण आपण तिथं काय काय टाकतो बघा: फोटो, सही, अंगठा, आधार. सॉफ्टवेअरमधला माणूस म्हणून सांगतो, आपण फाइल अपलोड केली म्हणजे तिची एक कॉपी दुसऱ्याच्या मशीनवर गेली. 'तासाभरात डिलीट करतो' असं लिहिलेलं असतं, पण ते खरंच करतात का हे तपासायला आपल्याकडं काही साधन नाही. एकाच माणसाचा फोटो, सही आणि आधार एका जागी मिळाले तर त्याच्या नावावर काय काय होऊ शकतं याचा विचार करा. फुलाचा फोटो टाका खुशाल. सही नको.

कॅफेत बसूनच करावं लागलं तरी पेंट तिथं पण असतंच. काम झालं की डाउनलोड आणि डेस्कटॉपवरच्या आपल्या फाइली शोधा, शिफ्ट धरून डिलीट दाबा, म्हणजे त्या रिसायकल बिनमध्ये पडून राहत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप वेब लावलं असेल तर तिथून लॉग आउट करा, आणि फोनमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून ते कॉम्प्युटर यादीतून गेलंय का ते बघूनच खुर्चीवरून उठा.