माई पबमध्ये गेल्या तेव्हा

आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जणी हसल्या असतील. आमच्या माई माळकरी. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आडव्या बाटलीवर शिक्के मारा, असं दारोदार सांगत फिरलेल्या. त्या माई पबमध्ये गेल्या? हो, गेल्या. आणि परत आल्यावर त्यांनीच आम्हाला सांगितलं, की हे रेडिओवर सांगा, चोरून काही केलं नाही.

माईंची लेक इंग्लंडमध्ये यॉर्क नावाच्या शहरात नर्स आहे. तिच्या बाळंतपणासाठी माई उन्हाळ्यात तिकडे गेल्या होत्या. यॉर्क म्हणजे लंडनहून रेल्वेनं दोनेक तासांवरचं जुनं शहर. भोवती तटबंदी आहे आणि मधोमध एक प्रचंड मोठं चर्च. आमच्या गटाची बैठक गुरुवारी संध्याकाळी सातला असते. तेव्हा तिकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात. दर गुरुवारी बचतीचे पैसे गोळा झाले, की माईंना व्हिडिओ कॉल लावायचा, असं ठरलं होतं. त्या फोन हातात धरून चालायच्या आणि आम्ही पंधरा जणी ओट्यावर बसून यॉर्कचा बाजार बघायचो. आपल्याकडच्या बऱ्याच बायका आता लेकीच्या, सुनेच्या बाळंतपणाला परदेशी जातात. त्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून सांगतो.

पहिले आठ दिवस माईंनी काहीच विकत घेतलं नाही. एका पौंडाचे शंभराच्या वर रुपये होतात. प्रत्येक वस्तूचे त्या रुपये करायच्या आणि वस्तू जागेवर ठेवून द्यायच्या. शेवटी लेक म्हणाली, "आई, मी पौंडात कमावते, तू रुपयात रडू नकोस." आम्हाला ते पटलं आणि नाहीही पटलं. हिशेब करायची सवय आम्हीच एकमेकींना लावलीय.

यॉर्कमध्ये शॅम्बल्स नावाची एक गल्ली आहे. पाहुणे आधी तिथंच जातात. पूर्वी ती खाटकांची होती. लाकडी घरं इतकी पुढं झुकलीत, की समोरासमोरच्या वरच्या मजल्यांवरून हात मिळवता येईल असं वाटतं. मांस टांगायचे आकडे काही दुकानांच्या दर्शनी भागावर अजून आहेत. माईंनी फोन आकड्यांजवळ नेला आणि लगेच बाजूला घेतला. आता तिथं चॉकलेटची, मिठाईची, जादूगारांच्या टोप्या-काठ्यांची दुकानं आहेत. बघायला छान, घ्यायला महाग. खरा बाजार त्या गल्लीच्या मागे भरतो. आपला बाजार आठवड्यातून एकदा, तो रोज असतो. भाजी, मासे, चीज, कपडे, गरम खाणं, सगळं उघड्यावर. तिथं घासाघीस करत नाहीत. माईंनी एकदा करून पाहिली. भाजीवाला हसला आणि एक सफरचंद वर घातलं.

पण माईंचा जीव रमला तो गुडरॅमगेट नावाच्या रस्त्यावर. तिथं चॅरिटीची दुकानं ओळीनं आहेत. लोक चांगले वापरलेले कपडे, भांडी, पुस्तकं फुकट देऊन जातात, गल्ल्यावर बऱ्याचदा बिनपगारी काम करणाऱ्या आजीबाई असतात आणि येणारे पैसे आजारी माणसांसाठी, अनाथांसाठी, प्राण्यांसाठी जातात. तिथं जुनं घेण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. नातवाचे बहुतेक कपडे माईंनी तिथूनच घेतले. आपल्याकडे बाळाला आधी जुनंच अंगडं घालतात, त्यामुळे त्यांना ते सोयीचंच वाटलं.

लेकीनं सांगितलेल्या आणखी काही गोष्टी. बरीच दुकानं संध्याकाळी पाच-सहाला बंद होतात. रविवारी मोठ्या दुकानांना सहाच तास उघडं ठेवता येतं, तसा कायदाच आहे. पिशवी घरून न्यायची, दुकानातली मागितली तर निदान दहा पेन्स पडतात. सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी, मुदत संपत आलेल्या पावाला, भाजीला पिवळं लेबल लावून भाव उतरवतात. माई त्या वेळेला बरोबर हजर असायच्या.

खाण्याचं मात्र जपून. बेटीज नावाचं चहाचं नावाजलेलं दुकान आहे, यॉर्कमध्ये १९३० च्या दशकापासून. दाराबाहेर रांग असते आणि आत पांढरं टेबलक्लॉथ. एका चहा-नाश्त्याच्या पैशात आमच्या गटाचा महिन्याचा चहा होईल. माईंनी काचेतून बघितलं आणि पुढे चालल्या. शाकाहारी बायांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. यॉर्कशरच्या भागात बटाट्याच्या चिप्स पुष्कळदा गाईबैलाच्या चरबीत तळतात. नुसता बटाटा आहे म्हणून खाऊ नका, कशात तळलाय ते आधी विचारा. यॉर्कशर पुडिंग हे नाव ऐकून गोड असेल असं वाटतं. ते गोड नसतं. अंडं, मैदा आणि दूध भट्टीत फुगवून केलेली वाटी असते ती.

आता पब. रविवारी दुपारी सगळं घर मिळून पबमध्ये जेवायला जाण्याची तिकडे पद्धत आहे. जावयानं आठवडाभर आधी माईंना विचारलं. माई "नाही" म्हणाल्या. लेक काही बोलली नाही, पण तिचं तोंड उतरलं. नऊ महिन्यांची गरोदर, घराबाहेर पडायची तिची ती शेवटची संधी. माई गेल्या.

आत काय असतं ते सांगतो. टेबलापाशी कोणी विचारायला येत नाही. टेबलाचा नंबर बघायचा, गल्ल्यावर जाऊन सांगायचं, पैसे द्यायचे. जेवण मग टेबलावर आणून देतात. दारू विकणाऱ्या जागेनं नळाचं पाणी फुकट दिलंच पाहिजे, असा तिथला कायदा आहे, तेव्हा बाटली घेऊ नका. माईंनी लेमनेड मागवलं, त्यांना वाटलं लिंबू सरबत. आला गोड सोडा. कोपऱ्यात एक आजी एकट्या बसून पेपर वाचत होत्या. शेजारच्या टेबलावर बापानं मांडीवर मूल घेतलं होतं.

माईंनी हे सांगितलं त्या गुरुवारी बैठकीत भांडण झालं. एक जण म्हणाली, "मग आपण मोर्चे कशाला काढले?" दुसरी म्हणाली, "तिथली दारू वेगळी का असते?" माईंच्या थोरल्या भावाचं काय झालं ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. माई फोनवर गप्प बसल्या. उत्तर लेकीनं दिलं. ती म्हणाली, "दारू तीच असते. शनिवारी रात्री इथल्या रस्त्यावरून जाऊ नका म्हणते मी, टोळीनं पिऊन पडलेले असतात. आणि लिव्हर गेलेले पेशंट माझ्याच वॉर्डात येतात." म्हणजे पबचं गुणगान कोणी करू नये, असंच ती सांगत होती.

याच यॉर्कमध्ये राउंट्री नावाचं चॉकलेट बनवणारं घराणं होतं. दारू गरिबाचं घर खाते, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांच्या क्वेकर पंथातले लोक दारूऐवजी कोको प्या म्हणून सांगत. त्यांतल्या सीबोम राउंट्री यांनी शहरातल्या मजुरांच्या घरी किती येतं, कशावर जातं, याची घरोघर पाहणी केली आणि १९०१ साली पुस्तक छापलं. आपण वहीत लिहितो तोच हिशेब. आपली किटकॅटही त्यांच्याच कारखान्यातली, १९३५ सालची.

दुसरं असं, की तिथं गोल्डन बॉल नावाचा एक पब २०१२ पासून आजूबाजूच्या लोकांनी सहकारी संस्था काढून चालवायला घेतलाय. लेकीची शेजारीण त्याची सभासद आहे. भाग कितीही घ्या, मत एकच. माईंनी तिला विचारलं, "दारूचं दुकान वाचवायला पैसे का घातलेत?" ती म्हणाली, "दारू घरीही पिता येते. मला बसायला जागा हवी होती."

हे वाक्य आमच्या बैठकीत घोळत राहिलं. संध्याकाळी बाई एकटी बसलीय आणि स्वयंपाक झाला का म्हणून कोणी विचारत नाही, अशी जागा आपल्या गावात कोणती? देवळात बसलं तर वाती वळायच्या, ओट्यावर बसलं तर निवडायला काहीतरी हातात हवं. माई परत आल्यावर आमच्यातली सगळ्यात धाकटी म्हणाली, दारू नको, पण चहा आणि पेपर मिळेल अशी बसायची जागा आपण का करू नये? समाजमंदिर संध्याकाळी रिकामंच असतं. त्याची किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे असते आणि तो सहाला घरी जातो. येत्या गुरुवारी त्याला बैठकीला बोलावलंय. माईंनी आणलेली चॉकलेटं तोपर्यंत ठेवून दिलीत.