सन्मान खुर्चीचा नव्हे, कार्याचा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षाचे औचित्य साधून, लोकसेवेत उत्कृष्ट कार्य करणाऱ्या शासकीय अधिकाऱ्यांचा संस्थेतर्फे गौरव करावा, असा प्रस्ताव आपणासमोर आहे. त्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्ष महोदयांनी मला केली. मी प्रशासनाचा अभ्यासक नव्हे, कापडाचा व्यापारी आहे. परंतु चाळीस वर्षे दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसाला सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. त्या अनुभवाच्या आधारे आपले विचार मांडण्याचे धाडस करीत आहे.

शासनाने स्वतःही अशा गौरवाची प्रथा घातली आहे. २१ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमध्ये सरदार वल्लभभाई पटेल यांनी प्रशासकीय सेवेच्या पहिल्या तुकडीला मार्गदर्शन केले. त्या स्मरणार्थ २००६ पासून २१ एप्रिल हा नागरी सेवा दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी उत्कृष्ट लोकप्रशासनासाठी पंतप्रधान पुरस्कार दिले जातात. यातील एक गोष्ट मला विशेष भावली. अलीकडच्या वर्षांत मानचिन्ह व सन्मानपत्रासोबत २० लाख रुपयांची रक्कम दिली जाते. परंतु ती अधिकाऱ्याच्या खिशात जात नाही. पुरस्कारप्राप्त जिल्ह्याने किंवा संस्थेने ती लोककल्याणाच्या कामासाठीच खर्च करावयाची असते. म्हणजे मान व्यक्तीला आणि लाभ जनतेला!

आता उत्कृष्ट कार्य कशास म्हणावे? आपल्या व्यवसायाशी जिव्हाळ्याचे नाते असलेल्या सुरतेचेच उदाहरण घेऊ. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ आली. लाखो लोक शहर सोडून गेले, यंत्रमाग थांबले, बाजार ओस पडला. आपल्याकडील कित्येक पेढ्यांवर सुरतेचा माल त्या काळात येईनासा झाला होता, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल. पुढे मे १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव तेथे महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले, प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्यास आयुक्ताचे अधिकार वाटून दिले, आणि साहेबांनी वातानुकूलित खोलीतून उठून रोज सकाळी रस्त्यावर फिरलेच पाहिजे असा दंडक घातला. कचरा टाकणाऱ्यास दंड झाला, अस्वच्छ उपाहारगृहांवर कारवाई झाली, अतिक्रमणे पाडताना धनवंतांचीही गय केली गेली नाही. दोन वर्षांच्या आतच, १९९६ मध्ये, इंटॅक या संस्थेने सुरतेची गणना देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर म्हणून केली.

बंधूंनो, यापुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. राव साहेबांची पुढे बदली झाली, परंतु सुरत पुन्हा पूर्वपदावर गेली नाही. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात तिचा देशात दुसरा क्रमांक आला आणि २०२३ च्या सर्वेक्षणात इंदूरसह पहिला. अधिकारी गेला, पण घडी मोडली नाही. आपण गिऱ्हाईकाला सांगतो, कापडाचा रंग दुकानात पाहू नका, पहिल्या धुण्यानंतर पाहा. अधिकाऱ्याच्या कामाची बदली ही तशीच पहिली धुलाई होय.

आपल्या महाराष्ट्रातही याचा दाखला आहे. १९८० च्या दशकात त्या वेळच्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखीना यांनी कचेरीतील कागदपत्रांचे ढीग लावून घेतले, दप्तराची शिस्तबद्ध मांडणी केली आणि सामान्य नागरिकाला आपल्या अर्जाचे काय झाले ते सहज कळेल अशी व्यवस्था उभी केली. ‘लखीना पॅटर्न’ हे नाव आजही घेतले जाते. त्यात ना मोठी इमारत होती, ना कोनशिला. माणसाचा एक हेलपाटा वाचविणे, हीसुद्धा लोकसेवा आहे.

म्हणूनच प्रस्तावास मनःपूर्वक पाठिंबा देताना मी तीन दुरुस्त्या सुचवू इच्छितो.

पहिली, सत्कार खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याचा नको; बदली होऊन गेलेल्या किंवा निवृत्त झालेल्याचा असावा. शाल-श्रीफळ हाती घेऊन गेलेल्या मंडळींच्या खिशात अनेकदा एखादा अर्जही असतो, हे जगजाहीर आहे. ज्याच्याकडे आपले कोणतेही काम अडलेले नाही, त्याचा सन्मान हाच निर्मळ सन्मान. शिवाय केंद्राच्या १९६४ च्या आणि महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार सेवेतील कर्मचाऱ्याला शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून जाहीर सत्कार स्वीकारता येत नाही. आपल्या प्रेमापोटी एखाद्या सज्जन अधिकाऱ्याला अडचणीत आणणे योग्य नव्हे.

दुसरी, निवड आपण विश्वस्तांनीच करू नये. ज्या विधवा भगिनीचे निवृत्तिवेतन मार्गी लागले, ज्या शेतकऱ्याचा सातबारा विनासायास दुरुस्त झाला, त्यांना विचारावे. दुकानदार म्हणतो म्हणून माल चांगला ठरत नाही. गिऱ्हाईक पुन्हा आले तर तो चांगला.

तिसरी, केवळ मोठ्या हुद्द्यांकडे पाहू नये. सुरत स्वच्छ झाली ती आयुक्तांच्या आदेशाने खरी, पण झाडू सफाई कामगारांच्याच हाती होता. तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका, टपाल वाटणारा पोस्टमन यांची नावेही त्याच मानपत्रावर, त्याच अक्षरांत यावीत.

कोणी म्हणेल, पगार घेऊन काम करतात, मग गौरव कशासाठी? प्रश्न रास्त आहे. नेमून दिलेले काम करणे हे कर्तव्यच. परंतु दबाव झुगारून, प्रसंगी बदलीची तयारी ठेवून, जो कर्तव्याच्या पुढे एक पाऊल टाकतो, त्याला समाजाने पाठीशी उभे राहून दाखविले नाही, तर पुढच्याने ते पाऊल कोणाच्या भरवशावर टाकावे? आपल्या धर्माने करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींना सारखेच महत्त्व दिले आहे. सत्कार्याची अनुमोदना आपल्या हाती आहे; ती निःस्वार्थ असावी एवढीच विनंती.

पन्नास वर्षांत या संस्थेने जो विश्वास कमावला, तोच अशा मानपत्राचे खरे मोल ठरेल. ते स्वस्त होऊ देऊ नये. वर्षाला एकच मानपत्र द्यावे, पण ते असे असावे की घेणाऱ्याच्या नातवंडांनी ते भिंतीवर जपून ठेवावे.